पाचशे ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर

कानपूरला पोस्टिंग असताना गावाकडचे फोन बहुतेक बुटांसाठीच यायचे. चामडं तिथे स्वस्त, त्यामुळे सुट्टीवर निघताना माझी ट्रंक म्हणजे चपलांचं दुकान व्हायची. एकदा मात्र पलटणीतल्या जुन्या हवालदाराचा फोन आला आणि त्याला हवं होतं रिव्हॉल्व्हर.

माण तालुक्यात त्याची शेतात वस्ती. शेजारच्या वस्तीवर रात्री दरोडा पडला, म्हातारा-म्हातारीला बांधून मारहाण झाली. याचा उजवा हात अर्धांगवायूनंतर उचलत नाही. म्हणून परवाना वहिनींच्या नावाने काढला होता. वहिनींचं मनगट पूर्वी विहिरीच्या पायरीवर पडून मोडलेलं. तो म्हणाला, "सुभेदारसाहेब, तुमच्या कानपूरचं ते निर्भीक घेऊ म्हणतो. पाचशे ग्रॅमचं आहे. हलकं, म्हणजे हिला झटका कमी बसंल."

मी म्हटलं, "पैसे भरू नकोस. रविवारी सांगतो."

वीस वर्षं हत्यार हाताळलेला माणूस असं बोलतो याचं नवल वाटलं, पण रायफलवाल्याला पिस्तुलाचा अनुभव बेताचाच असतो. शिवाय हलकं म्हणजे सोपं हा गोंधळ फार जुना आहे. त्याची गोष्ट पहिल्या महायुद्धापासून सांगावी लागते.

त्या युद्धात ब्रिटिश आणि हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांच्या कमरेला असायचं वेब्लीचं .455 रिव्हॉल्व्हर. 1915 चं मार्क सहा मॉडेल म्हणजे सहा इंची नळी, वजन सुमारे 1.1 किलो आणि गोळी 265 ग्रेन, म्हणजे सतरा ग्रॅमची. खंदकात समोरासमोर गाठ पडली तर त्यासारखं हत्यार नव्हतं. पण ते नीट चालवायला सराव लागायचा, आणि घाईघाईत भरती केलेल्या माणसाला तेवढी काडतुसं आणि तेवढा वेळ कोण देणार? त्या काळी रिव्हॉल्व्हर एका हाताने, हात लांब करून चालवत. किलोभर लोखंड तसं धरून बघा, मिनिटाभरात नळी खाली झुकते.

युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने ठरवलं, की सामान्य शिपायाला लवकर शिकता येईल असं लहान हत्यार हवं. गोळी .38 ची, पण वजनाला 200 ग्रेन, म्हणजे तेरा ग्रॅम. वेग कमी असला तरी जड गोळी काम करील असा हिशेब होता. वेब्ली कंपनीने त्यासाठी रिव्हॉल्व्हर तयार केलं. सरकारने ते पाहिलं आणि एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात जवळजवळ तसंच आपलं स्वतःचं बनवून 1932 मध्ये स्वीकारलं! वेब्लीने 2,250 पौंड मागितले. बरीच भांडाभांडी होऊन हातात 1,250 पडले.

आता आकडे बघू. दोन्ही गोळ्यांचा वेग जवळपास सारखा, सेकंदाला दोनशे मीटरच्या आत. गोळी सतरावरून तेरा ग्रॅमवर आली, म्हणजे मागे येणारा रेटा साधारण चौथ्या हिश्शाने घटला. पण हत्यारही 1.1 किलोवरून पाऊण किलोच्या आसपास आलं, म्हणजे तीस टक्क्यांनी हलकं झालं. त्यामुळे ते हातात उसळायचं जवळजवळ पूर्वीच्याच वेगाने. धरायला सोपं झालं, पंज्यावरचा एकूण भार कमी झाला, एवढं खरं. झटका मात्र कागदावर वाटतो तितका घटला नव्हता.

1938 पासून आणखी एक बदल झाला. रणगाड्यात चढता-उतरताना हॅमरचं टोक कुठेतरी अडकतं म्हणून ते टोकच काढून टाकलं. त्यामुळे अंगठ्याने हॅमर मागे ओढून मग हलक्या बोटाने ट्रिगर दाबायची सोय गेली. प्रत्येक गोळीला ट्रिगर लांबवर, जोर लावून ओढायचा. ट्रिगर हलका पडावा म्हणून स्प्रिंग नरम केली, तरी नेम सांभाळणं अवघडच. नवख्या माणसासाठी म्हणून आणलेलं हत्यार नवख्यालाच जड झालं. गोळी झाडायच्या आधीच बोटाच्या ओढीने नळी हलते हे रेंजवर मी शेकडो जवानांत पाहिलं आहे, आणि शिव्या मात्र झटक्याला पडतात.

वेब्लीचं .38 नंतर दुसऱ्या महायुद्धात सरकारला घ्यावंच लागलं, आणि आपल्या पोलिसांच्या कमरेला ते पुढे कित्येक वर्षं राहिलं. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं .32 रिव्हॉल्व्हर त्याच घराण्यातलं आहे. नागरिकांना .32 मिळालं ते मात्र कुणाच्या मनगटाची दया येऊन नव्हे. .38, .455 आणि सैन्याची 9 मिलिमीटर ही काडतुसं आपल्या शस्त्र नियमांत निषिद्ध बोअरमध्ये येतात, म्हणून. कायद्याने अनायासे सौम्य काडतूस लोकांच्या हाती दिलं.

निर्भीक आलं 2014 मध्ये, कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीतून. दिल्लीच्या डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर महिलांसाठी म्हणून काढलेलं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, पर्समध्ये मावेल असं. किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. काडतूस तेच .32. काडतूस तेच आणि हत्यार सातशेऐवजी पाचशे ग्रॅमचं, तर ते चाळीस टक्के जास्त वेगाने मागे येणार. दिवसभर पर्समध्ये वागवायचं असेल तर हलकेपणाला किंमत आहे. वहिनींना ते कपाटात ठेवायचं होतं.

रविवारी मी हवालदाराला हे सगळं सांगितलं. .32 चं पिस्तूल घेऊ का, असंही त्याने विचारलं. त्याची स्लाइड मागे ओढायला मनगटात जोर लागतो, म्हणून तेही नको म्हटलं. जुनं, जड, पोलादी .32 रिव्हॉल्व्हर घे, मूठ हातात भरते का ते दुकानात वहिनींनाच धरून बघू दे, आणि तू मध्ये बोलू नकोस.

"पण जड आहे की ओ साहेब."

"कळशी उचलतात ना त्या?"

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जिल्ह्याच्या रायफल क्लबच्या रेंजवर गेलो. आधी तासभर रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर सराव घेतला. दोन्ही हातांनी पकड, मोडलेलं मनगट सरळ, हॅमर अंगठ्याने मागे, मग ट्रिगर. पुढे क्लबच्या .22 पिस्तुलावर दहा गोळ्या. मग .32. पहिल्या गोळीला वहिनींनी डोळे मिटले आणि ती मातीच्या बांधात गेली. मी चक्रीत एक घर भरलेलं, एक रिकामं असं ठेवायला लागलो. रिकाम्या घरावर हॅमर पडला की हात दचकतो ते त्यांचं त्यांनाच दिसायचं. चौथ्या फेरीला दचकणं थांबलं. शेवटच्या सहापैकी चार गोळ्या दहा मीटरवरच्या फळीवर होत्या.

हवालदार मागून सारखा सूचना देत होता. वहिनींनी रिव्हॉल्व्हर उघडून रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "भावजी, ह्याचा झटका सोसंल मला. ह्यांना तेवढं घरी पाठवा."