सकाळी गारवा, दुपारी चटका : फेब्रुवारी-मार्चचे हवामान आणि पुढच्या आठवड्यांचा अंदाज

पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी पंखा. मधेच एखाद्या संध्याकाळी आभाळ भरून येते आणि गारा पडतात. फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत महाराष्ट्रात असेच चालते. २०२४ मध्ये रमजान १२ मार्चला सुरू झाला, २०२५ मध्ये २ मार्चला. चांद्र वर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. त्यामुळे सध्या रोजेही याच लहरी दिवसांत येत आहेत.

असे का होते?

थंडी संपताना आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. अशी जमीन दिवसा लवकर तापते आणि रात्री लवकर निवते. म्हणून दिवस-रात्रीच्या तापमानात पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो. याच काळात उत्तर भारतात पश्चिमेकडून कमी दाबाच्या प्रणाली येत असतात. त्यांना ‘पश्चिमी विक्षोभ’ म्हणतात. बंगालच्या उपसागरावरून किंवा अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा त्यांच्या प्रभावाखाली सापडली की विदर्भ, मराठवाडा आणि मध्य महाराष्ट्रात विजा, वादळी वारे आणि गारपीट होते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने रब्बी पिके आणि फळबागांची केलेली दैना शेतकरी विसरलेले नाहीत.

कोकणाची गोष्ट थोडी वेगळी. पूर्वेचे गरम वारे जोरात असले की समुद्रावरचे वारे उशिरा आत येतात आणि पारा एकदम चढतो. मुंबईत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंशांची नोंद झाली होती. अशा उष्म्यात आंब्याची लहान फळे गळतात.

अंदाज कसा वाचायचा?

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज देतो. मार्च ते मे या तीन महिन्यांचा अंदाज साधारण फेब्रुवारी संपता संपता येतो. त्यात ‘तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ रोजच ऊन भाजेल असा नाही. तो फक्त कल असतो, अमुक तारखेला अमुक गावात पाऊस पडेल असे त्यातून कळत नाही.

म्हणून कामे अशी वाटून घ्या :

- लग्नाचा मांडव किंवा इफ्तारचा कार्यक्रम ठरवताना चार आठवड्यांचा कल पाहा, पण पर्यायी छताची सोय आधीच ठेवा.
- गहू-हरभऱ्याची कापणी, कांदा काढणी किंवा बेदाणा वाळवणे यासाठी चार-पाच दिवसांचा जिल्हानिहाय अंदाज पाहा. शेतीसाठी ‘मेघदूत’ अॅप आहे.
- शेतात किंवा मैदानात असताना विजेची सूचना ‘दामिनी’ अॅपवर मिळते.

रंगही लक्षात ठेवा : हिरवा म्हणजे काळजी नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने सावध व्हा. मैदानी भागात पारा किमान ४० आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंशांवर जाऊन तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल, तर उष्णतेची लाट धरली जाते.

घरात काय करायचे?

रोजेदारांनी इफ्तार ते सहरी या वेळेत थोडे थोडे करून पुरेसे पाणी प्यावे. एकदम तांब्याभर पिऊन भागत नाही. सहरीला खारट-तिखट कमी, फळे, दही आणि भाकरी जास्त बरी. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. दुपारी चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे अंगावर काढू नका. पहाटे फजरला निघणाऱ्या वडीलधाऱ्यांचे कान-डोके झाकलेले असू द्या, थंडी संपली असे दुपारच्या उन्हावरून ठरवू नका.

विजा चमकू लागल्या तर झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात या. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. गारपिटीने पीक गेले तर लगेच फोटो काढा आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याला कळवा. शेत साफ करण्याचे काम त्यानंतर.

मोबाइलवर फिरणाऱ्या ‘उद्या महाभयंकर वादळ’ अशा मेसेजवर तारीख आणि जिल्हा नसेल तर तो पुढे पाठवू नका. आधी हवामान विभागाचा त्या दिवसाचा इशारा पाहा, मगच घरच्यांना सांगा.