रसायनांच्या साठवणीतील ऊष्मीय धोके

साठविलेल्या रसायनांत अनपेक्षितपणे घडणाऱ्या ऊष्मादायी (उष्णता बाहेर टाकणाऱ्या) विक्रियांमुळे उद्भवणारे आग, स्फोट व वायुगळती यांचे धोके. तापमानाबरोबर अशा विक्रियेचा वेग घातांकी प्रमाणात वाढतो. उष्णता बाहेर जाण्याचा वेग मात्र तापमानातील फरकाच्याच प्रमाणात वाढतो. परिणामी एका मर्यादेनंतर विक्रिया अनावर होते. ही उपपत्ती रशियन शास्त्रज्ञ निकोलाय सेमेनोव्ह यांनी १९२८ मध्ये मांडली. साठा वाढला की घनफळाच्या मानाने पृष्ठफळ घटते. म्हणून बाटलीत निरुपद्रवी असणारे द्रव्य मोठ्या टाकीत घातक ठरू शकते.

भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यात २–३ डिसेंबर १९८४ च्या रात्री सुमारे ४० टन मेथिल आयसोसायनेट असलेल्या टाकीत पाणी शिरले. हे द्रव्य सुमारे ३९° से. ला उकळते, ते थंड राखणारी यंत्रणा बंद होती. विक्रियेच्या उष्णतेने विषारी वायू बाहेर पडून हजारो माणसे मरण पावली. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती होऊन कामगारांना धोक्यांची माहिती देणे बंधनकारक झाले. १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठवणीचे नियम करण्यात आले.

मुळशी तालुक्यातील (जि. पुणे) उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी जलशुद्धीकरणासाठी क्लोरीन डाय-ऑक्साइडाची उत्पादने बनविणाऱ्या कारखान्यात आग लागून १७ कामगार मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. ऑक्सिडीकारक द्रव्ये ज्वलनशील वस्तूंपासून अलग ठेवणे, साठा मर्यादित राखणे, तापमानावर लक्ष ठेवणे व बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे असणे हे प्रतिबंधक उपाय साधे आहेत. तथापि लहान कारखान्यांतही ते काटेकोरपणे पाळले गेले, तरच नियमांना अर्थ उरतो.