चिमूरचा लढा (१९४२)

चिमूरचा लढा हा 'छोडो भारत' आंदोलनात तत्कालीन चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्यातील चिमूर येथे १६ ऑगस्ट १९४२ रोजी झालेला जनउठाव होय. त्या चातुर्मासात राष्ट्रसंत तुकडोजी महाराज चिमुरात होते. त्यांच्या खंजिरी-भजनांनी स्वातंत्र्याचा विचार सामान्य शेतकऱ्यापर्यंत पोहोचवला होता. नागपंचमीच्या दिवशी निघालेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला व बालाजी रायपूरकर हा किशोर ठार झाला. चिडलेल्या लोकांच्या हातून काही सरकारी अधिकारी मारले गेले.

यानंतर गावात शिरलेल्या लष्कराने धरपकड, लूट आणि स्त्रियांवर अत्याचार केले. या लढ्याचे वर्णन बहुधा गोळीबारापाशीच थांबते. वस्तुतः लोकलज्जेचे भय असतानाही अत्याचारांची हकिकत सांगणाऱ्या स्त्रियांचे धैर्य त्याहून कमी नव्हते. त्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. अनेकांना फाशीची शिक्षा झाली. ती रद्द व्हावी म्हणून अनसूयाबाई काळे यांनी अथक प्रयत्न केले. पुढे काही जणांची फाशी टळली.

दरवर्षी १६ ऑगस्टला चिमुरात हुतात्म्यांना अभिवादन केले जाते. स्वतंत्र चिमूर जिल्ह्याच्या मागणीतही या लढ्याचा दाखला दिला जातो.