स्पिटफायरची ‘दाढी’: इंजिनाच्या श्वासाचा इतिहास

१/ गाडीचे मूळ एअर फिल्टर काढून बाजारातले शंकूच्या आकाराचे फिल्टर बसविले, की इंजिनाची ताकद खरोखर वाढते का? गॅरेजमध्ये रोज झडणारा हा वाद ऐंशी वर्षांहून जुना आहे. १९४२ साली या प्रश्नाच्या उत्तराशी लढाऊ वैमानिकांचे प्राण बांधलेले होते. त्या उत्तराची ही गोष्ट. #इतिहास #धागा

२/ इंजिन इंधनावर चालते, हे अर्धसत्य. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. इंधन हवे तेवढे पुरविता येते; सिलिंडरात हवा किती शिरते, यावरच ताकदीची कमाल मर्यादा ठरते. म्हणून हवेच्या वाटेतला प्रत्येक अडथळा ताकद खातो, आणि फिल्टर हा अडथळाच असतो.

३/ मग फिल्टर लावायचे कशासाठी? धुळीसाठी. स्पिटफायर विमानातील रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाचे घनफळ २७ लिटर होते. मिनिटाला ३००० फेरे धरले, तर चार-स्ट्रोक इंजिनाचे सिलिंडर मिनिटाला सुमारे ४० हजार लिटर हवा ओढतात. त्या हवेत वाळवंटाची सिलिकायुक्त धूळ असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या भिंती घासून निघणारच.

४/ स्पिटफायरचा जन्म इंग्लंडच्या हवामानासाठी झाला होता. हिरवळीच्या धावपट्ट्यांवर धुळीचा प्रश्न फारसा नव्हता. इजिप्त आणि लिबियात मात्र एका विमानाच्या पंख्याने उडविलेली वाळू मागच्या विमानाच्या इंजिनात जाई. फिल्टरवाचून तिथे निभाव लागणे शक्य नव्हते.

५/ उपाय म्हणून ‘व्होक्स’ फिल्टर आले. ते विमानाच्या नाकाखाली एका मोठ्या फुगीर आवरणात बसविले जाई. दुरून पाहता विमानाला दाढी आल्यासारखे दिसे. इंजिन वाचले, पण किंमत मोजावी लागली. कमाल वेग ताशी सुमारे १३ किलोमीटरने घटला आणि वर चढण्याचा वेग मिनिटाला सुमारे ६०० फुटांनी कमी झाला.

६/ हे आकडे कागदावर किरकोळ वाटतात. पण ७ मार्च १९४२ रोजी ‘ईगल’ या विमानवाहू नौकेवरून उडालेली १५ स्पिटफायर विमाने माल्टा बेटावर उतरली, तेव्हा त्यांच्या नाकाखाली हीच दाढी होती. शत्रूचे तळ सिसिलीत, म्हणजे शंभर किलोमीटरच्या आसपास. इशारा मिळाल्यापासून हल्ला होईपर्यंतचा वेळ मोजका. अशा वेळी चढण्याचा वेग हेच मुख्य शस्त्र, आणि नेमके तेच बोथट झाले होते.

७/ मग फिल्टर काढून का टाकले नाही? वेढ्यात सापडलेल्या बेटावर सुट्या भागांची कायम चणचण होती. झिजलेले इंजिन म्हणजे जमिनीवर उभे राहिलेले विमान. हळू चढणारे विमान निदान उडत तरी होते. हा हिशेब कठोर होता, पण चुकीचा नव्हता.

८/ कोंडी फोडण्याचे काम इजिप्तमध्ये झाले. अलेक्झांड्रियाजवळील अबूकीर येथे ब्रिटिश हवाईदलाचे दुरुस्ती केंद्र होते: १०३ मेंटेनन्स युनिट. तेथील कारागिरांनी अधिक लहान आणि हवेला कमी अडविणारे फिल्टर घडविले. ते ‘अबूकीर फिल्टर’ म्हणून ओळखले गेले. कारखान्यातून बाहेर पडलेल्या यंत्रावर नंतर बसविलेला सुधारित भाग, म्हणजे आजच्या भाषेत ‘आफ्टरमार्केट’ फिल्टरच!

९/ ते उपयोगी ठरले, कारण मूळ जोडणीत खरा दोष होता. बोजड आवरण वाऱ्याला अडवीत होते आणि इंजिनाचा श्वासही कोंडत होते. अबूकीरच्या कारागिरांनी धूळ अडविण्याचे काम सोडून दिले नाही; तेच काम कमी जागेत करून दाखविले.

१०/ पुढची पायरी अधिक सुबक होती. मार्क ८ आणि नंतरच्या मार्क ९ स्पिटफायरमध्ये फिल्टर हवेच्या निमुळत्या नळीतच सामावले. वैमानिकाच्या हाती दोन स्थितींचा दांडा आला: जमिनीवर, उड्डाण करताना, उतरताना व धुळीत हवा फिल्टरमधून घ्यायची, वर स्वच्छ आकाशात थेट. आता ताकद आणि आयुष्य यांतून एकाचीच निवड करण्याची सक्ती उरली नाही.

११/ युद्धानंतर हा प्रश्न मोटारींच्या शर्यतीत शिरला. १९६४ च्या फोर्ड थंडरबोल्टमध्ये आतल्या बाजूचे दोन हेडलाइट काढून त्या भोकांतून इंजिनाला बाहेरची हवा दिली गेली. १९६६ च्या ओल्ड्समोबिल ४४२ च्या डब्ल्यू-३० प्रकारात समोरच्या बंपरपासून नळ्या आणल्या गेल्या. हेतू एकच: थंड हवा. तापमान सुमारे ३ अंश सेल्सियसने घटले की हवेची घनता साधारण एक टक्क्याने वाढते. उलट, बॉनेटखाली उघडे ठेवलेले फिल्टर इंजिनाचीच तापलेली हवा ओढते आणि ताकद घटवू शकते.

१२/ धुळीचा धागाही तुटला नाही. कॅलिफोर्नियातील केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘के अँड एन’ हे नाव आले. तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे त्यांचे फिल्टर वाळवंटातील शर्यतींतून पुढे आले. पुन्हा वाळू, पुन्हा तोच पेच.

१३/ आजच्या गाडीचे काय? २००९ साली अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने चोंदलेल्या आणि नव्या फिल्टरांची तुलना केली. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत मायलेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही; मात्र नव्या फिल्टरने वेग घेण्याचा काळ ६ ते ११ टक्क्यांनी सुधारला. १९७२ च्या कार्ब्युरेटरवाल्या डॉज चार्जरमध्ये मायलेजही सुधारले. म्हणजे मोठा लाभ चोंदलेले फिल्टर बदलण्यात आहे, आणि तो कंपनीच्या साध्या नव्या फिल्टरनेही मिळतो.

१४/ त्यापुढे मिळवायला थोडेच उरते. समजा, स्वच्छ फिल्टरने हवेचा दाब एक टक्क्याने घटविला. तर फिल्टर पूर्ण काढून टाकले तरी परत मिळणार सुमारे तेवढाच एक टक्का. मग गाडी जोरकस का वाटते? कंपनीची फिल्टरपेटी हवा ओढण्याचा आवाजही दाबून ठेवते. ती गेली की इंजिन गुरगुरते, आणि कान ताकद वाढल्याची ग्वाही देतात.

१५/ बदललेल्या इंजिनाच्या, टर्बो वाढविलेल्या शर्यतीच्या गाडीला मूळ नळी खरोखर अपुरी पडू शकते. तिथे नवी जोडणी सार्थ ठरते. पण नवा भाग घेण्याआधी अबूकीरच्या कारागिरांसमोर होता तोच प्रश्न विचारावा: मूळ भागात नेमका दोष काय आहे? त्यांच्यापुढे दोष नाकाखालीच लटकत होता. रोजच्या रस्त्यावरील गाडीत बहुधा तो सापडत नाही. सापडते ते वेळेवर न बदललेले, धुळीने भरलेले फिल्टर.

(समाप्त)