पेट्रोलातल्या मद्यार्काची कुळकथा

मध्य प्रदेशातल्या तापीकाठच्या बुऱ्हाणपुराला लागून असलेल्या लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाचा दर्गाह-ए-हकीमी आहे, आणि तेथे जियारतीसाठी गुजराथेतून, मुंबईहून व खानदेशातून बारमाही गाड्या येत असतात. या गाड्यांच्या टाकीशी संबंध असलेला केंद्र सरकारचा जो हुकूम १ जानेवारी २००३ पासून अंमलात आला, त्याने नऊ राज्यांत व चार केंद्रशासित प्रदेशांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, मिसळणे बंधनकारक केले. त्या यादीत गुजरात होता, महाराष्ट्र होता, परंतु मध्य प्रदेशाचे नाव नव्हते. रावेरच्या बाजूने येणारा प्रवासी राज्याची सीमा ओलांडून बुऱ्हाणपुरास आला, की मिश्रित इंधनाच्या मुलखातून, निदान दप्तराच्या हिशेबाने, निखळ इंधनाच्या मुलखात येत असे. ही सरहद्द फार काळ टिकली नाही. तथापि ज्या द्रवामुळे ती आखली गेली, त्याचे पेट्रोलशी असलेले नाते पुष्कळ जुने आहे.

इंजिनाच्या बालपणापासूनच मद्यार्क त्याच्या ओळखीचा होता. निकोलस ओटोने १८६० च्या सुमारास आपले पहिले प्रयोग मद्यार्कावरच केले. हिंदुस्थानात मात्र हा विषय साखरेच्या मागोमाग आला. १९३२ मध्ये देशी साखरधंद्याला संरक्षक जकातीचे छत्र मिळताच कारखाने भराभर उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर मळीचे साठेही वाढू लागले. या मळीची विल्हेवाट कशी लावावी, हा चालकांपुढचा मोठाच पेच होता, आणि तिच्यापासून मद्यार्क काढून तो मोटारीत जाळावा, हा त्यावरचा सर्वांत फायदेशीर तोडगा दिसत होता. म्हैसूर संस्थानात मंड्याच्या साखर कारखान्याच्या जोडीने असा मद्यार्क निघू लागला. संयुक्त प्रांताने १९४० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाल्यावर, कोळशाच्या वायूवर बसगाड्या चालवण्याची पाळी आलेल्या त्या दिवसांत, घरच्या इंधनाची किंमत सर्वांनाच कळून चुकली. आणि स्वातंत्र्यानंतर वर्षभराच्या आत, १९४८ मध्ये, ‘इंडियन पॉवर अल्कोहोल अ‍ॅक्ट’ संमत होऊन या व्यवहाराला अखिल भारतीय कायद्याचे अधिष्ठान लाभले.

पुढे रसायनांचे कारखाने मद्यार्काचे मोठे गिऱ्हाईक झाले, अबकारी खात्याची त्यावरची पकड राज्याराज्यांत निरनिराळी राहिली, आणि पेट्रोलात मिसळण्याची वहिवाट जवळजवळ लोपली. २००० साली तो कायदाच रद्द झाला. आणि नवल असे, की पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, सरकारने प्रायोगिक मिश्रणासाठी तीन ठिकाणे निवडली, त्यांपैकी दोन महाराष्ट्रात होती: मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळचे आँवला.

मनमाडची निवड समजून घेण्यासारखी आहे. उसाचा व मळीचा मुलूख तेथून हाकेच्या अंतरावर. त्याचबरोबर मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघालेली पाइपलाइनही मनमाडला येते आणि तेथून उत्तरेस इंदूरजवळच्या मांगल्याकडे जाते. मद्यार्क मात्र या पाइपलाइनीतून जात नाही. तो टँकरने डेपोवर येतो आणि तेथेच पेट्रोलात मिसळला जातो. याचे कारण मद्यार्काची पाण्याविषयीची अनावर ओढ. साध्या ऊर्ध्वपातनाने त्याची शुद्धता वजनी सुमारे ९५.६ टक्क्यांपलीकडे नेता येत नाही, कारण उरलेले पाणी त्याच्याबरोबरच वाफ होऊन वर येते. हे शेवटचे पाणी काढण्यासाठी १९०२ मध्ये सिडनी यंग या रसायनज्ञाने बेंझीन मिसळून ऊर्ध्वपातन करण्याची युक्ती दाखवली. हल्ली त्या कामी अशा सूक्ष्म छिद्रांचे खनिज वापरतात, की त्यात पाण्याचा रेणू शिरतो आणि मद्यार्काचा शिरू शकत नाही. एवढ्या सायासाने कोरडा केलेला पदार्थ शेकडो किलोमीटरच्या नळात, जेथे थोडेफार पाणी नेहमीच साचलेले असते, तेथे सोडणे म्हणजे सगळी मेहनत वाया घालवणे होय. म्हणून हे मिश्रण जन्मते ते डेपोत, विक्रीच्या अगदी उंबरठ्यावर; आणि माझ्या मते या इंधनाचा सारा स्वभाव या एका गोष्टीत सामावला आहे. ते लवकर जळून जावे याच अपेक्षेने तयार होते.

साठ्याचा प्रश्न येथूनच उपजतो. निखळ पेट्रोलही अमर नसते: त्याचे हलके घटक उडून जातात, हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन त्यात डिंकासारखा चिकट गाळ धरतो, आणि बुऱ्हाणपूरकडच्या निमाडी उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या अर्ध्या रिकाम्या कॅनमध्ये ही दोन्ही कार्ये झपाट्याने होतात. परंतु निखळ पेट्रोलात पाणी शिरले, तर ते तळाशी वेगळे बसते आणि वरचे पेट्रोल गुणाने शाबूत राहते. मिश्रित पेट्रोल ते पाणी आधी निमूटपणे पोटात घेते. १० टक्के मिश्रणात शंभर लीटरमागे साधारण अर्धा लीटर पाणी असे विरघळून राहते. ती मर्यादा ओलांडली किंवा थंडीच्या रात्री तापमान उतरल्याने मर्यादाच खाली आली, की मद्यार्क पेट्रोलची साथ सोडून पाण्याबरोबर तळाशी जातो. मग वर उरते ते ऑक्टेन गमावलेले पेट्रोल, आणि तळाशी, नेमके जेथून नळी इंधन ओढते तेथे, जळण्यास नालायक असा थर. त्यातच जुन्या कार्बोरेटरचे धातू गंजतात आणि रबरी नळ्या फुगून चिरतात.

येथे एक लोकभ्रम दूर केला पाहिजे. नुसत्या दमट हवेने मिश्रण आठ-पंधरा दिवसांत फुटते, हे खरे नव्हे. बंद झाकणाखाली त्याला महिने लागतात. बहुतेक नासाडी सैल झाकणातून शिरलेल्या पावसाच्या पाण्याने होते. शिवाय २० टक्के मिश्रण १० टक्क्यांपेक्षा अधिक पाणी सोसते. तेव्हा शहरात रोज धावणाऱ्या, या इंधनासाठीच घडवलेल्या मोटारसायकलीला या सर्वाची फारशी झळ नाही. झळ आहे ती केळीच्या बागाइतदाराच्या फवारणी पंपाला, जो काही आठवडे राबतो आणि मग टाकीत शिल्लक इंधन ठेवून कोपऱ्यात पडून राहतो. आणि वीज गेल्यावरच आठवण होणाऱ्या जनरेटरला.

सरकारी धोरणाची चाल मधल्या काळात अडखळत झाली. मळीच्या टंचाईमुळे २००४ मध्ये सक्ती सैल करावी लागली. २००६ च्या नोव्हेंबरात व्याप्ती वीस राज्यांपर्यंत वाढली. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला, आणि २० टक्क्यांची जी मुदत २०३० होती ती अलीकडे ओढून २०२५ मध्ये पुरीही करण्यात आली. मळीच्या जोडीला आता मका आला आहे. परदेशी तेलावरचा खर्च वाचावा आणि शेतमालाला गिऱ्हाईक मिळावे, हा हेतू मला मनापासून मान्य आहे. मात्र नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच, निखळ पेट्रोलसाठी घडवलेल्या व १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींना २० टक्के मिश्रणावर ६ ते ७ टक्के कमी मायलेज मिळेल असे नमूद केले होते. आणि पंपावर इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. साठा करणाऱ्याची गरज रोज चालवणाऱ्याहून वेगळी आहे, ही गोष्ट त्या वादात पुरेशी पुढे आली नाही, याचे मला वाईट वाटते. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादा पंप निखळ पेट्रोलसाठी राखणे अशक्य कोटीतले नाही.

तोपर्यंत शेतकऱ्याने हंगाम संपताच फवारणी पंपाची टाकी रिती करावी, कार्बोरेटरमधले उरलेले पेट्रोल इंजिन चालवूनच संपवावे, आणि थोडेसे इंधन ठेवायचेच असेल तर धातूच्या डब्यात, प्रसरणापुरती थोडी जागा सोडून जवळजवळ भरून, घट्ट बुचाखाली, सावलीत ठेवावे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना ३० लीटरपर्यंत बाळगण्याची मुभा आहे, आणि भांडे काचेचे वा चिनीमातीचे असल्यास एक लीटरपर्यंत, धातूचे असल्यास २५ लीटरपर्यंत असावे असे त्यात लिहिले आहे. किती ठेवावे आणि कशात ठेवावे, हे हा कायदा सांगतो. मिश्रणाची सक्ती येण्याच्या कितीतरी आधीचा असल्यामुळे, किती दिवस ठेवावे याविषयी त्यात एक शब्दही नाही. आणि ती सूचना पंपावरच्या पाटीवर, मिश्रणाच्या टक्केवारीशेजारी, आजही लिहिता येईल.