पंचवीस वॅटचा लबाड

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार ऑडिओ स्पर्धांत एक उलटीच गंमत चालायची. बाजारातले स्वस्त ॲम्प खोक्यावर शेकडो वॅट मिरवायचे आणि ओरायनचा महागडा 225 एचसीसीए मात्र आपली ताकद जेमतेम 25 वॅट सांगायचा, दर चॅनेलला.

कारण साधे होते. कुस्तीत वजनगट असतात तसे या स्पर्धांत ॲम्पच्या जाहीर वॅटवरून गट पडत आणि ते वॅट मोजायचे चार ओहमच्या लोडवर. स्पर्धक मग स्पीकर अशा रीतीने जोडायचा की लोड अर्ध्या ओहमवर उतरावा. प्रतिरोध आठव्या हिश्शावर आला की तेवढ्याच व्होल्टेजला करंट आठपट होतो, म्हणजे 25 चे गणिताने 200 वॅट. साध्या ॲम्पमधून अशा वेळी धूर निघाला असता. एचसीसीए तो करंट पचवायचा आणि गिऱ्हाइकाने पैसे मोजलेले असायचे ते या पचनशक्तीचेच. अशा ॲम्पना 'चीटर ॲम्प' म्हणत. शिवी म्हणून नव्हे, कौतुकाने. काट्यावर हलका भरणारा आणि आखाड्यात भारी पडणारा पैलवान कुणाला नको असतो?

मुळात गाडीत वेगळा ॲम्प बसवण्याचा हा सगळा खटाटोप बॅटरीमुळे. गाडीत 12 व्होल्ट, इंजिन चालू असताना 14 च्या आसपास. तेवढ्यावर चार ओहमच्या स्पीकरला धड 20 वॅटच्या पुढे नेणे कठीण. डॅशबोर्डातल्या स्टीरिओवर '50 वॅट गुणिले 4' छापलेले असते, तो भाग वेगळा. ॲरिझोनातल्या फिनिक्सचे जिम फॉसगेट यांनी 1973 मध्ये 'फ्रिक्वेन्सी एनर्जायझर' नावाचा ॲम्प आणला. गाडीसाठी स्वतंत्र ॲम्प बनवणाऱ्यांत ते आद्य मानले जातात.

पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॅट कसे मोजून सांगायचे याचा नियम केला, पण तो घरातल्या यंत्रांपुरता. गाडी मोकळी सुटली. गाडीच्या ॲम्पसाठी उद्योगाच्या संघटनेने मानक ठरवले ते थेट 2003 मध्ये: 14.4 व्होल्ट, चार ओहम, विकृती एक टक्क्याच्या आत. तेही ऐच्छिक. मधल्या काळात खोक्यावर वाटेल तो आकडा छापता येत होता. आपल्याकडे टेपरेकॉर्डरवरचे 'पीएमपीओ' आठवत असेल, तर हा प्रकार ओळखीचा वाटेल.

खरे-खोटे करायला फ्यूज पुरेसा असे. 1000 वॅट लिहिलेल्या ॲम्पच्या पाठीला 20 अँपिअरचा फ्यूज दिसला, की 14.4 गुणिले 20, म्हणजे आत जाणारेच 288 वॅट. त्यातलेही बरेच उष्णता होऊन उडून जाणार.

आकड्यांचा घोळ असा. मग आवाजाचे काय? महाग ॲम्प गोड वाजतो, ही समजूत आकड्यांपेक्षा चिवट. रिचर्ड क्लार्क या अमेरिकी कार ऑडिओतज्ज्ञाने त्यावर 10,000 डॉलरची पैज लावली. कोणतेही दोन ॲम्प आणा, न बघता ओळखा. 12-12 च्या दोन फेऱ्या आणि 24 पैकी 24 उत्तरे बरोबर. हजाराहून जास्त लोकांनी कान लावले. बक्षीस कुणी नेले नाही.

मात्र क्लार्कच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. दोन्ही ॲम्पचा आवाज काटेकोर सारखा केलेला हवा आणि एकानेही आपली मर्यादा ओलांडून आवाज फाटू द्यायचा नाही. म्हणजे स्वस्त ॲम्पला झेपेल तेवढ्यावरच दोघांनी वाजायचे. अर्ध्या ओहमवर तासन्‌तास तग धरण्याची जी करामत ओरायनला महाग करत होती, तिला या परीक्षेत जागाच नव्हती.