मुळशी तालुक्यातील वंशावळ-संशोधन

एखाद्या घराण्याच्या मूळ पुरुषापासून चालत आलेल्या पिढ्यांचा कागदोपत्री व मौखिक आधारांनी घेतलेला शोध म्हणजे वंशावळ-संशोधन होय. पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मुळशी तालुक्यात हा शोध विशेष अवघड ठरतो. कारण ज्या गावांत पूर्वजांची घरे, शेते व देवळे होती, त्यांपैकी अनेक गावे मुळशी धरणाच्या जलाशयाखाली गेली आहेत.

पार्श्वभूमी

मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ वीजनिर्मितीसाठी टाटा कंपनीने धरणाचे काम हाती घेतले, तेव्हा १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्याने दिली. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेच. जमिनीबरोबर गावकी, भावकी आणि कोणाचे घर कोणाच्या शेजारी होते ही आठवणही विखुरली. वंशावळीच्या दृष्टीने हे नुकसान जमिनीच्या नुकसानीहून लहान नाही.

कागदपत्रे

शोध आजपासून मागे जात करावा लागतो. सातबारा उताऱ्यावरील फेरफार क्रमांक धरून गाव नमुना सहामधील नोंद पाहावी, वारसांसाठी नमुना सहा-क पाहावा. बुडालेल्या जमिनीचा हा धागा संपादनापाशी तुटतो. तेथून पुढे भूसंपादनाचे कागद व त्याआधीची मोजणीची पत्रके यांवर भिस्त ठेवावी लागते. जन्म-मृत्यूच्या नोंदी गाव नमुना चौदामध्ये, म्हणजे लोकांच्या बोलीतील ‘कोतवाल बुका’त, मिळतात. जुने लेखन बहुधा मोडी लिपीत असल्याने जाणकार वाचकाची गरज पडते.

येथे एक फसगत नेहमी होते. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे ‘राणू बिन काळू’ आणि ‘काळू बिन राणू’ ही नावे पिढीआड फिरून येतात. नावापाठोपाठ साल, गट किंवा भावांची नावे जुळवली नाहीत, तर एक पणजोबा सहज दोन पिढ्या वर सरकतो. दत्तकविधानाने मुलगा एका शाखेतून दुसरीत जातो, हेही ध्यानात ठेवावे. स्त्रियांची नावे तर लग्नानंतर बदलत आणि जुन्या वंशवृक्षांत बहुधा येतच नसत. हा दोष आधुनिक संशोधकांनीही पुरेसा दूर केलेला नाही.

वतनदार घराण्यांची स्थिती निराळी. वतनाच्या तंट्यात आपला हक्क सांगताना घराण्याची हकीकत लिहून द्यावी लागे. तिला ‘करीना’ म्हणत, आणि पंचांसमोर झालेल्या निवाड्याचा कागद तो ‘महजर’. मावळातील जेधे घराण्याचा करीना व शकावली ही याची प्रसिद्ध उदाहरणे. शिवजन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी जेधे शकावलीतच नोंदलेली आहे. तरीही करीना हा पक्षकाराने आपल्या बाजूने लिहिलेला कागद असतो, हे विसरता कामा नये. पेशवे दप्तरातील कागद पुणे पुरालेखागारात असून, १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही मोठा संग्रह आहे.

तीर्थोपाध्यांच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्ये यात्रेकरूचे नाव, गाव, वाडवडील व भाऊबंद वहीत टिपून ठेवत. जमीन नसलेल्या घराण्यांसाठी हा आधार मोलाचा आहे. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी हे बैलावरून गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगत.

छापील कुलवृत्तांत

विसाव्या शतकात अनेक, विशेषतः चित्पावन, घराण्यांनी आपले कुलवृत्तांत छापले. अमेरिकन अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ते सामाजिक बदलाच्या अभ्यासाचे साधन म्हणून वापरले. मावळातील कष्टकरी घराण्यांच्या वाट्याला असे ग्रंथ क्वचितच आले. याउलट, मॉरिशसला करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन झालेल्या असल्याने तेथील मराठी वंशजांना आपल्या पूर्वजाचे गाव शोधता येते.

सद्यःस्थिती

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून मोडी वाचकांना मोठी मागणी आली. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा व जातीचा पुरावा अपेक्षित असतो. पुरावा चुलत्याच्या किंवा चुलत आजोबांच्या नावाचा असेल, तर अर्जदाराशी त्यांचे रक्ताचे नाते वंशावळीने सिद्ध करावे लागते, आणि त्यासाठी प्रतिज्ञापत्र जोडले जाते.